सोडियमची समीकरणं जुळत नसतील तर चूक कुठे शोधावी

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: "सोडियम जुळवला की हायड्रोजन बिघडतो, हायड्रोजन जुळवला की ऑक्सिजन." वहीचं पान पाहिलं तर समीकरण एकदाच लिहिलेलं असतं, त्यावर तीन ठिकाणी २ खोडून पुन्हा २ काढलेला असतो, आणि शेवटी वैतागून पाण्याच्या सूत्रातच एक जादा अंक घुसवलेला असतो. दहावीला हे होतं, अकरावीला होतं आणि बारावीच्या जर्नलमध्येही दिसतं.

अशा पानांवर आकडेमोड क्वचितच चुकलेली असते. बहुतेक वेळा सूत्र चुकलेलं असतं. सूत्र चुकलं की पुढे अंक कितीही फिरवा, समीकरण एक तर जुळत नाही, किंवा जुळतं आणि तरी खोटं असतं. ही दुसरी चूक जास्त वाईट, कारण अणू मोजून ती सापडत नाही. म्हणून अंकांना हात लावण्याआधी प्रत्येक सूत्र तपासायचं.

लिहिण्याबद्दल एक खुलासा. वहीत आणि पेपरात चिन्हं रोमन अक्षरांतच लिहायची. इथे ती आपण फळ्यासमोर मोठ्याने वाचतो तशी देवनागरीत दिली आहेत: एनए म्हणजे सोडियम, सीएल क्लोरीन, सीए कॅल्शियम, एएल ॲल्युमिनियम, झेडएन जस्त. सूत्राच्या पायाशी असलेला बारीक अंक त्या सूत्राचा भाग आहे, आणि सूत्राच्या पुढे असलेला मोठा अंक म्हणजे सहगुणक. बदलायचा तो फक्त सहगुणक.

बडोद्याच्या मराठी घरांत याला शब्दांच्या गोंधळाची भर पडते. गुजराती माध्यमाच्या शाळेत मूल 'प्रक्रियक', 'नीपज' आणि 'संयोजकता' शिकून येतं, घरी आई किंवा काका मराठी पुस्तक उघडून 'अभिकारक', 'उत्पादित' आणि 'संयुजा' म्हणतात, आणि मुलाला वाटतं की ही सहा वेगळी प्रकरणं आहेत. ती तीनच आहेत. वहीच्या पहिल्या पानावर या तीन जोड्या शेजारी शेजारी लिहून ठेवा, पुढचा बराच त्रास वाचेल.

सूत्र तपासण्याची रीत

सोडियमच्या बाबतीत हे काम सोपं आहे, कारण संयुगात सोडियमवरचा प्रभार नेहमी अधिक १ असतो. लोखंड किंवा तांब्यासारखी त्याची दोन रूपं नाहीत. त्यामुळे किती सोडियम लागतील हे समोरचं मूलक, म्हणजे सोडियमशी जोडलेला उणे प्रभाराचा अणू किंवा अणूंचा गट, ठरवतं. ओएच, सीएल, एनओ₃ आणि एचसीओ₃ यांच्यावर उणे १ असतो, तिथे एक सोडियम. सीओ₃, एसओ₄, एसओ₃, एस₂ओ₃ यांच्यावर उणे २, तिथे दोन. पीओ₄ वर उणे ३, तिथे तीन. एवढं पाठ असेल तर एनएसीओ₃, एनएएसओ₄ किंवा एनए₂ओएच असं काही लिहिलेलं दिसताच हात थांबायला हवा. सगळ्यात जास्त वेळा चुकतो तो कार्बोनेट, कारण बायकार्बोनेटमध्ये एकच सोडियम असतो आणि नावं जवळजवळ सारखी आहेत. बायकार्बोनेटमध्ये एक हायड्रोजन आधीच बसलेला आहे, त्याने एका सोडियमची जागा घेतली आहे, असं सांगितलं की लक्षात राहतं.

पेरॉक्साइड हा एक खास सापळा आहे. एनए₂ओ₂ लिहिल्यावर मुलं वर-खाली दोनाने भागून एनएओ करतात. तसं करता येत नाही. तिथले दोन ऑक्सिजन एकमेकांना जोडलेले आहेत आणि त्या जोडीवर मिळून उणे २ आहे. जोडी तोडून सूत्र लिहिलं की पदार्थच बदलला.

मोकळी मूलद्रव्यंही बघून घ्या. हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन हे एकटे असले की जोडीने असतात: एच₂, ओ₂, सीएल₂. सोडियम धातू मात्र नुसता एनए. समीकरणात एनए₂ दिसला तर तो संयुगातच असायला हवा.

पाण्याशी अभिक्रिया: कायम अडणारी जागा

एनए + एच₂ओ → एनएओएच + एच₂

मोजा. सोडियम एकास एक, ऑक्सिजन एकास एक. हायड्रोजन डावीकडे २ आणि उजवीकडे ३. इथेच गाडी अडते, कारण उजवीकडे हायड्रोजन दोन ठिकाणी विभागला आहे आणि एका एनएओएच मध्ये तो विषम आहे. मुलं पाण्यापुढे २ लावतात, मग ऑक्सिजन वाढतो, मग एनएओएच पुढे २ लावतात, मग सोडियम कमी पडतो. खरं तर याच वाटेने आणखी एक पाऊल गेलं की उत्तर येतं, पण तोपर्यंत पान इतकं खोडलेलं असतं की धीर सुटतो आणि एच₂ओ चं एच₂ओ₂ होतं. एच₂ओ₂ म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. जखम धुवायची बाटली ती, नळाचं पाणी नव्हे.

खोडाखोड टाळायची असेल तर एक सवय लावा: मोकळं मूलद्रव्य सगळ्यात शेवटी जुळवायचं. त्याचा सहगुणक बदलला तर दुसऱ्या कुठल्याच मूलद्रव्याची गणती हलत नाही. इथे एच₂ मोकळा आहे. सोडियम आणि ऑक्सिजन आधीच जुळलेत. डावीकडे हायड्रोजन २, त्यातला एक एनएओएच मध्ये गेला, उरला एक, म्हणजे अर्धा एच₂. अर्धा लिहायला घाबरू नका. कच्च्या कामात अपूर्णांक चालतो. मग सगळ्याला दोनाने गुणा:

२ एनए + २ एच₂ओ → २ एनएओएच + एच₂

वस्तुमानाने ताळा करून बघा: ४६ आणि ३६ मिळून ८२, इकडे ८० आणि २ मिळून ८२. हा ताळा दहा सेकंदांचा आहे आणि गणतीतली चूक लगेच दाखवतो. हायड्रोजनला १, सोडियमला २३, ऑक्सिजनला १६, कार्बनला १२, गंधकाला ३२, क्लोरीनला ३५.५ आणि कॅल्शियमला ४० धरा, पुरे.

कोणी ४ एनए + ४ एच₂ओ → ४ एनएओएच + २ एच₂ असं लिहिलं तर तेही जुळलेलं आहे, फक्त सगळे सहगुणक दोनाने भाग जाणारे आहेत. पेपरात लहानात लहान पूर्णांक द्यायचे.

हा प्रयोग घरी करू नये. शाळेतही तांदळाच्या दाण्याएवढा तुकडाच घ्यावा, आणि तो घेण्याआधी त्यावरचं रॉकेल टिपकागदाने टिपून घ्यावं. निघणारा हायड्रोजन अभिक्रियेच्या उष्णतेने पेट घेऊ शकतो.

जुळलं, पण खोटं

खाण्याचा सोडा तापवल्यावर काय होतं, असं विचारलं की बऱ्याच वह्यांत हे सापडतं:

एनएएचसीओ₃ → एनएओएच + सीओ₂

मोजून पाहा, प्रत्येक अणू जुळतो. एक सोडियम, एक हायड्रोजन, एक कार्बन, तीन ऑक्सिजन. तरीही हे उत्तर चूक आहे, कारण सोडा तापवून कॉस्टिक (एनएओएच) मिळत नाही, कार्बोनेट मिळतं:

२ एनएएचसीओ₃ → एनए₂सीओ₃ + एच₂ओ + सीओ₂

इथे सुरुवात सोडियमपासून करा, तो दोन्हीकडे एकाच ठिकाणी आहे. उजवीकडे दोन, म्हणून डावीकडे २. बाकी सगळं आपोआप बसतं. १६८ चे १०६, १८ आणि ४४.

सोडियम हवेत जळण्याचंही तसंच. ४ एनए + ओ₂ → २ एनए₂ओ हे जुळतं आणि २ एनए + ओ₂ → एनए₂ओ₂ हेही जुळतं. भरपूर हवेत जळताना मुख्यतः पेरॉक्साइड होतो, ऑक्सिजन अपुरा असेल तर साधा ऑक्साइड. प्रश्नात कुठली परिस्थिती दिली आहे ते वाचूनच उजवी बाजू लिहायची. मीठ आणि सल्फ्युरिक आम्लाचं तेच: कमी तापमानाला एनएएचएसओ₄ वर काम थांबतं, जास्त तापवलं की एनए₂एसओ₄ पर्यंत जातं आणि मिठाचे दोन रेणू लागतात.

खमणावरचे लाल डाग

बडोद्यात हे समीकरण रोज शिजतं, म्हणून त्यावर थोडं थांबू. गांधी म्हणजे किराणावाल्याकडे 'साजीनां फूल' मागितलं की खाण्याचा सोडा मिळतो आणि 'लिंबूनां फूल' मागितलं की सायट्रिक आम्ल. बेसनाच्या घोळात दोन्ही पडतात आणि वायू सुटून खमण फुगतं.

सी₆एच₈ओ₇ + एनएएचसीओ₃ → एनए₃सी₆एच₅ओ₇ + सीओ₂ + एच₂ओ

अकरावीची मुलं इथे कार्बन किंवा ऑक्सिजनपासून सुरू करतात आणि अडकतात. कार्बन चार ठिकाणी आहे आणि ऑक्सिजन पाच ठिकाणी. सोडियमकडे बघा, उजवीकडे तीन एकाच जागी. म्हणजे सोड्यापुढे ३. तीन सोड्यांतून तीन सीओ₂ आणि तीन पाणी:

सी₆एच₈ओ₇ + ३ एनएएचसीओ₃ → एनए₃सी₆एच₅ओ₇ + ३ सीओ₂ + ३ एच₂ओ

कार्बन ९, हायड्रोजन ११, ऑक्सिजन १६, दोन्ही बाजूंना. वजनात बघितलं तर २५२ ग्रॅम सोड्याला १९२ ग्रॅम निर्जल सायट्रिक आम्ल लागतं. म्हणजे ५ ग्रॅम सोड्याला सुमारे ३.८ ग्रॅम. त्यातून साधारण २.६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटतो. लिंबूफूल कमी पडलं किंवा सोडा नीट मिसळला नाही, तर उरलेला सोडा वाफेत तापतो, त्याचं काही प्रमाणात वरच्याप्रमाणे कार्बोनेट होतं, आणि आम्लारीधर्मी ठिपक्यांवर हळद लालसर पडते. कापलेल्या खमणात दिसणारे ते तांबूस डाग आणि जिभेवरची साबणासारखी चव ही न जुळलेल्या समीकरणाचीच खूण. समीकरणातला तो ३ विसरलेल्या मुलाला हा तुकडा दाखवावा.

कंस आणि त्याबाहेरचा अंक

सीए(ओएच)₂ + एनए₂सीओ₃ → सीएसीओ₃ + २ एनएओएच

कंसाबाहेरचा २ आतल्या दोन्ही अणूंना लागतो. तो फक्त हायड्रोजनला लावला की ऑक्सिजन एकाने कमी मोजला जातो. सोपा मार्ग म्हणजे जे मूलक फुटत नाही ते एक गठ्ठा धरून मोजणं. इथे ओएच चे दोन गठ्ठे, सीओ₃ चा एक, काम संपलं. तुरटीच्या जातीतल्या ॲल्युमिनियम सल्फेटवरही हीच रीत चालते:

एएल₂(एसओ₄)₃ + ६ एनएओएच → २ एएल(ओएच)₃ + ३ एनए₂एसओ₄

सल्फेटचे तीन गठ्ठे, म्हणून सोडियम सल्फेट ३, त्यासाठी सोडियम ६, त्याबरोबर ओएच ६, आणि ते दोन एएल(ओएच)₃ मध्ये बरोबर मावतात. पण मूलक फुटत असेल तर गठ्ठा मोजू नये. जस्ताच्या अभिक्रियेत, झेडएन + २ एनएओएच → एनए₂झेडएनओ₂ + एच₂, ओएच चा पत्ता उजवीकडे नाहीच. तिथे एकेक अणू मोजा.

आणि कधी कधी काहीच करायचं नसतं:

एनएसीएल + एनएच₃ + सीओ₂ + एच₂ओ → एनएच₄सीएल + एनएएचसीओ₃

सॉल्व्हे पद्धतीचं हे मुख्य समीकरण आहे तसंच जुळलेलं आहे. हायड्रोजन पाच आणि पाच, ऑक्सिजन तीन आणि तीन. एनएच₃ आणि एनएच₄ वेगळे दिसतात म्हणून मुलं उगाच अंक लावत बसतात. (या पद्धतीने सोडा बनवणारं मिठापूर ज्या ओखामंडळात आहे, तो मुलूख संस्थानकाळात बडोद्याच्या गायकवाडांचा होता. टाटा केमिकल्स १९३९ ची. शहरातल्या मुलांना हे सांगितलं की समीकरण परकं वाटत नाही.)

रणोलीच्या बाजूचं समीकरण

गुजरात अल्कलीज ही १९७३ मध्ये स्थापन झालेली कंपनी इथे रणोलीला मिठाच्या द्रावणातून वीज सोडून कॉस्टिक सोडा काढते.

२ एनएसीएल + २ एच₂ओ → २ एनएओएच + सीएल₂ + एच₂

इथली नेहमीची चूक म्हणजे उजवीकडे नुसता सीएल आणि नुसता एच लिहिणं. तसं केलं तर एकास एक असं लगेच जुळतं, म्हणून ती चूक लोभावते. जोडी लिहिली की २ आपोआप येतात. वस्तुमान: ११७ आणि ३६ मिळून १५३, तिकडे ८०, ७१ आणि २ मिळून १५३. यावरून एक टन कॉस्टिकला सुमारे १.४६ टन मीठ लागतं, ८८७.५ किलो क्लोरीन आणि २५ किलो हायड्रोजन निघतो. २५ किलो ऐकायला थोडा वाटतो, पण ०° सेल्सिअस आणि १ वातावरण दाबाला तो २८० घनमीटर भरतो. क्लोरीन नको असला तरी कॉस्टिकबरोबर येतोच, हे समीकरणातले सहगुणकच सांगतात.

अंदाजाने न सुटणारं एक

तोच क्लोरीन तिथल्याच कॉस्टिकमध्ये सोडला तर दोन वेगळ्या गोष्टी होतात. थंड आणि विरल कॉस्टिकमध्ये:

२ एनएओएच + सीएल₂ → एनएसीएल + एनएओसीएल + एच₂ओ

हे डोळ्यांनी जुळतं. गरम आणि तीव्र कॉस्टिकमध्ये मात्र एनएसीएल बरोबर एनएसीएलओ₃ होतो, आणि तिथे अंदाजाने अर्धा तास गेला तरी हाती काही लागत नाही. इथे ऑक्सिडीकरण अंक, म्हणजे अणूने किती इलेक्ट्रॉन दिले किंवा घेतले ते दाखवणारे अंक, काढायलाच हवेत. क्लोरीन मोकळा असताना शून्य. एनएसीएल मध्ये उणे १, म्हणजे एक इलेक्ट्रॉन घेतला. एनएसीएलओ₃ मध्ये सोडियम अधिक १, तीन ऑक्सिजन उणे ६, म्हणून क्लोरीन अधिक ५, म्हणजे पाच इलेक्ट्रॉन दिले. दिलेले आणि घेतलेले सारखे व्हायचे तर एका क्लोरेटला पाच क्लोराइड लागतील. इथून पुढे सगळं उतारावरचं काम. क्लोरीन अणू सहा, म्हणून सीएल₂ तीन. सोडियम सहा, म्हणून एनएओएच सहा. हायड्रोजन सहा, म्हणून पाणी तीन.

६ एनएओएच + ३ सीएल₂ → ५ एनएसीएल + एनएसीएलओ₃ + ३ एच₂ओ

ऑक्सिजन आपण कुठेच वापरला नाही, तो ताळ्यासाठी राखून ठेवला: डावीकडे ६, उजवीकडे ३ आणि ३. राखून ठेवलेलं मूलद्रव्य जुळलं की पुन्हा तपासायची गरज राहत नाही. एकच मूलद्रव्य वर आणि खाली दोन्हीकडे जाताना दिसलं की थेट ही रीत धरा.

बुरेटचं रीडिंग निम्मं का येतं

जर्नलमधली शेवटची तक्रार: समीकरण बरोबर लिहिलं, तरी टायट्रेशन जुळत नाही. हायड्रोक्लोरिक आम्ल हिशेबाच्या निम्मंच लागलं, तर दर्शक, म्हणजे अभिक्रिया कुठवर आली ते रंग बदलून दाखवणारा पदार्थ, कोणता घेतला ते बघा. फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग पहिल्या टप्प्यावरच जातो:

एनए₂सीओ₃ + एचसीएल → एनएएचसीओ₃ + एनएसीएल

मिथिल ऑरेंज मात्र पूर्ण अभिक्रिया दाखवतो:

एनए₂सीओ₃ + २ एचसीएल → २ एनएसीएल + एच₂ओ + सीओ₂

दोन्ही समीकरणं खरी आहेत. जो दर्शक घेतला त्याचं समीकरण जर्नलमध्ये लिहायचं.

रीडिंग निम्मं नसून थोडंच जास्त येत असेल, तर बाटली बघा. स्फटिकी धुण्याचा सोडा म्हणजे एनए₂सीओ₃·१०एच₂ओ, रेणुवस्तुमान २८६. टिंबानंतरचा १० हा सूत्राचाच भाग आहे, आणि सूत्रापुढे २ लावला तर पाणी वीस होतं. हे स्फटिक उघड्यावर राहिले की पाणी सोडून पांढरे, भुसभुशीत पडतात:

एनए₂सीओ₃·१०एच₂ओ → एनए₂सीओ₃·एच₂ओ + ९ एच₂ओ

अशा बाटलीतून २५० मिली ०.१ नॉर्मल द्रावणासाठी ३.५७५ ग्रॅम मोजून घेतले, तर त्यात कार्बोनेट ठरल्यापेक्षा जास्त जातं आणि आम्लही जास्त लागतं. म्हणून निर्जल कार्बोनेट घ्या, तापवून, शोषकपात्रात थंड करून, मग १.३२५ ग्रॅम तोला.